दोनच शॉट

मला बास्केटबॉल खेळता येत नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. नंतर कुणी म्हणायला नको की हा स्वतःला मोठा खेळाडू समजतो. मला पळता यायचं, उडी बरी होती, आणि लागलं तरी मी थांबायचो नाही. एवढंच माझं भांडवल. कॉलेजच्या टीममध्ये सगळे मला रेडा म्हणायचे. आमच्या कोचना आम्ही नुसतं सर म्हणायचो, तेही बेंचकडे बघून ओरडायचे, "ए रेड्या, ऊठ." मी उठलो की समोरच्या टीमची पोरं एकमेकांकडे बघायची. मला ते आवडायचं. कशाला खोटं बोलू?

खेळता यायचं ते माझ्या धाकट्याला. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, अंगाने नुसती काडी. आई म्हणायची, याला दोरीवर वाळत घातला तर चिमटासुद्धा लागणार नाही. पण त्याच्या हातातून चेंडू सुटला की हॉलमधली माणसं आधीच उठून उभी राहायची. चेंडू रिंगमध्ये जायच्या आधी, बरं का. सरांना तो हवा होता. त्याला मागायला ते आमच्या घरी आले, स्वयंपाकघरातल्या तीन पायांच्या स्टुलावर बसले आणि अर्धा तास बोलले. आई तेव्हा एका मोठ्या लॉन्ड्रीत इस्त्रीच्या मशीनवर होती, दिवसाला चारशे चादरी. बाबा जाऊन सहा वर्षं झाली होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दोघं जातील, नाहीतर कुणीच नाही. हा एकटा तुमच्या त्या धसमुसळ्या पोरांत गेला तर मला रोज हाडं गोळा करावी लागतील."

सर माझ्याकडे वळले. माझा खांदा दाबून पाहिला, दंड दाबून पाहिला. "चालेल," ते म्हणाले. "याचाही उपयोग आहे."

उपयोग काय, ते पहिल्याच आठवड्यात कळलं. बास्केटबॉलमध्ये एका खेळाडूला पाच फाउल मिळतात. पाचवा झाला की बाहेर. चांगला खेळाडू ते जपून वापरतो. सर मला म्हणाले, "तुझे पाचही माझे. एकसुद्धा घरी घेऊन जायचा नाही." आणि त्यांचा नियम असा की पहिला फाउल पहिल्या मिनिटात झाला पाहिजे. समोरच्यांचा जो सगळ्यात चांगला असेल त्याच्यावर, आणि असा की त्याला उरलेली मॅच आठवत राहील. त्याने नंतर उडी मारताना अर्धा क्षण जरी माझा विचार केला तरी आमचं काम झालं.

दर सोमवारी बिनशिट्टीचा सराव असायचा. सर तिघांना रिंगखाली उभं करायचे, एक चेंडू वर फेकायचे आणि शिट्टी खिशात घालायचे. तीन बास्केट होईपर्यंत कुणी बाहेर पडायचं नाही. काय वाटेल ते करा. मी तिथेच शिकलो. समोरचा उडी मारायच्या बेतात असताना त्याच्या पायावर पाय कसा ठेवायचा. मांडीत गुडघा कसा घालायचा की रेफ्रीला नुसती धक्काबुक्की दिसावी. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पंखा. रिबाउंडचा, म्हणजे शॉट चुकून परत आलेला चेंडू पकडला की दोन्ही हातांनी छातीशी धरायचा, कोपरं बाहेर काढायची आणि कमरेतून गर्रकन फिरायचं. मध्ये जे येईल ते येईल. नाक येतं, ओठ येतो, कधी कान येतो. रेफ्रीला वाटतं, हा बिचारा चेंडू सांभाळतोय. पहिल्या महिन्यात माझ्या पंख्याने आमच्याच टीममधल्या दोघांची तोंडं फुटली. सरांनी त्या दोघांना बर्फ दिला आणि मला शाबासकी.

धाकट्याला मात्र सोमवारी त्या रिंगणात कधी उतरवलं नाही. तो भिंतीकडच्या दुसऱ्या रिंगवर फ्री थ्रो, म्हणजे फाउल झाल्यावर मिळणारे एकेका पॉइंटचे मोकळे शॉट, मारत बसायचा. एकदा मी दुसऱ्याच्या छातीवर गुडघा टेकून चेंडू हिसकावत होतो, तेव्हा माझं लक्ष त्याच्याकडे गेलं. त्याने मारणं थांबवलं होतं आणि तो माझ्याकडे असा बघत होता जसं कुणी अनोळखी माणूस घरात शिरलाय. मला राग आला. म्हटलं, शहाण्या, हे तुझ्यासाठीच चाललंय.

हंगाम सुरू झाला आणि आम्ही जिंकत सुटलो. पहिल्या मॅचला मी समोरच्यांच्या उंच पोराच्या बरगडीत खांदा घातला, तो उरलेला वेळ एका बाजूला वाकून पळत होता. दुसऱ्या मॅचला एकाचा घोटा गेला. तिसऱ्या मॅचला आमची गाठ टकल्याच्या टीमशी पडली. टकल्या म्हणजे त्यांचा कॅप्टन, डोकं अगदी तुळतुळीत, माझ्याएवढाच आडवा पण खेळायला दसपट चांगला. पहिल्याच मिनिटात तो रिंगकडे झेपावला. मी चेंडूला हात घालायचं नाटक केलं आणि त्याचा उजवा हातच धरून खाली ओढला. दोन बोटं मोडली. आवाज मला ऐकू आला, वाळकी शेंग मोडावी तसा. तो ओरडला नाही. बोटांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि बाहेर गेला. सरांनी मला बेंचवर घेतलं आणि पाठीवर थाप मारली. त्या थापेसाठी मी तेव्हा काहीही केलं असतं.

माझ्या एक गोष्ट लक्षात आली नव्हती. लक्षात घ्यायची नव्हती असं म्हणा. मी ज्याला मारायचो तो मला उलट मारायचा नाही. मला मारून काय मिळणार? मी अंगाने रेडा, आणि टीमला माझी गरज बोटावर मोजण्याएवढी मिनिटं. ते धाकट्याला मारायचे. आधी त्याची भुवई फुटली, चार टाके पडले. मग बरगडीला तडा गेला. मग पुढचा एक दात अर्धा तुटला. दर वेळी मी चवताळून उठायचो, ज्याने मारलं त्याला शोधून दुप्पट द्यायचो आणि पाच फाउल संपवून छाती काढून बेंचवर बसायचो. मला वाटायचं, बघा, भाऊ असावा तर असा.

एका रविवारी दुपारी धाकटा स्वयंपाकघरात त्या स्टुलावर बसला होता. शर्ट वर करून बरगडीवर गोठलेल्या मटारची पिशवी धरली होती. आई कामावर गेली होती.

"दादा, एक सांगू? चिडणार नाहीस ना?"

"बोल."

"तू ज्या मॅचला कुणाला मारत नाहीस, त्या मॅचला मला कुणी मारत नाही."

"मी कुठल्या मॅचला मारलं नाही?" मी अगदी अपमान झाल्यासारखं विचारलं.

"तुला ताप होता तेव्हा. तू घरीच होतास. मी एकतीस पॉइंट केले आणि एक ओरखडासुद्धा नाही."

"ती टीमच मुळमुळीत होती रे."

"त्यांच्यात दोन जण तुझ्यापेक्षा जाड होते." त्याने पिशवीची दुसरी बाजू बरगडीला लावली आणि तोंड वाकडं केलं. "दादा, मला सांभाळायला तुला टीममध्ये घेतलंय. आणि मार मला तुझ्यामुळे बसतोय. आता फायनलला टकल्याची टीम आहे. त्याची बोटं जुळलीत. मला भीती वाटते."

त्याने असं सरळ 'भीती वाटते' म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. माझा जीव एवढासा झाला.

"फायनलला तू कुणाच्या अंगाला हात लावायचा नाहीस," तो म्हणाला. "सर काहीही म्हणोत."

"नाही लावणार."

"आईची शपथ?"

"आईची शपथ," मी म्हणालो, आणि त्या क्षणी अगदी मनापासून म्हणालो.

फायनलचा हॉल गच्च भरला होता. आई तिसऱ्या रांगेत बसली होती. लॉन्ड्रीतून तशीच आली होती, दोन्ही मनगटांवर मशीनच्या कडेने भाजल्याचे लाल चट्टे. सरांनी पहिल्या मिनिटाला मला उतरवलं आणि टकल्याकडे नुसती हनुवटी उडवली. मी आत गेलो. टकल्या माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. उजव्या हाताच्या दोन बोटांना एकत्र चिकटपट्टी बांधली होती. मिनिट संपलं, दुसरं संपलं, मी त्याला धक्कासुद्धा लावला नाही. सरांनी मला बाहेर ओढलं.

"काय झालं? तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे सर."

"मग तुझे हात काय घरी विसरून आलास?"

 त्यांनी मला बेंचच्या अगदी टोकाला बसवलं, पाण्याच्या बाटल्यांजवळ. आणि काय सांगू, धाकटा काय खेळला! त्याला कुणी हात लावत नव्हतं. नीट खेळत होते सगळे, टकल्यासुद्धा. धाकटा पायांच्या जंगलातून असा निघायचा की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. अर्ध्या वेळेला त्याचे अठरा पॉइंट झाले होते. पाणी प्यायला आला तेव्हा माझ्या डोक्यावर टपली मारून गेला. लहानपणी मी त्याला मारायचो तशी. मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कुणी बघू नये म्हणून मी टॉवेल तोंडावर घेतला.

शेवटची तीन मिनिटं राहिली तेव्हा आमच्या एका उंच खेळाडूचे पाच फाउल झाले आणि सरांना मला उतरवावंच लागलं. आम्ही तीन पॉइंटने पुढे होतो. सरांनी माझी मान मागून पकडली, बोटं रुतवली आणि कानाशी येऊन म्हणाले, "आज काही केलं नाहीस तर उद्यापासून तू या टीममध्ये नाहीस. आणि तू नसलास तर तुझ्या भावाला कोण बघणार, हा विचार कर." मला तो विचार बरोबरच वाटला. असा मी.

तरीही मी थांबलो होतो. खरंच थांबलो होतो. मग असं झालं की धाकट्याने मला रिंगखाली एकटं असताना चेंडू दिला. समोर कुणी नाही, हात वर करून नुसता आत ठेवायचा. लहान पोरानेही ठेवला असता. मी उडी मारली आणि चेंडू बोर्डाच्या खालच्या कडेवर आपटला, तो थेट माझ्याच तोंडावर आला. अख्खा हॉल हसला. आमचीही माणसं हसली. आणि माझ्या शेजारी टकल्या हसला. वाईट नाही हसला. कुणालाही हसू यावं असंच ते होतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्याने आठवतं. त्यांचा शॉट चुकला, रिबाउंड माझ्या हातात आला, टकल्या माझ्या पाठीशी होता. मी कोपरं काढली आणि कमरेतला सगळा जोर लावून पंखा फिरवला. कोपर त्याच्या तोंडावर बसलं. आत काहीतरी निसटल्यासारखं लागलं, जसं फळीतला खिळा सुटावा. तो गुडघ्यांवर आला आणि तोंडातून रक्ताबरोबर एक दात जमिनीवर पडला. मग दुसरा. रेफ्रीने साधा फाउल दिला.

मी धाकट्याकडे बघितलं. तो कमरेवर हात ठेवून उभा होता.  नुसती मान हलवली आणि आपल्या जागेवर गेला. मला म्हणायचं होतं की चुकलं, एकदाच चुकलं, आता नाही. पण खेळ सुरू झाला होता.

टकल्या तोंडात कापसाचे बोळे कोंबून मिनिटभरात परत आत आला. त्याची हनुवटी आणि जर्सीचा गळा लाल झाला होता. त्याच्या टीमची पोरं आता वेगळीच खेळायला लागली. नखं लागत होती, कोपरं लागत होती, कुणीतरी माझ्या पोटात मूठ घातली. ते पुढे गेले, आम्ही बरोबरी केली, ते परत एका पॉइंटने पुढे गेले. चार सेकंद राहिले होते. चेंडू धाकट्याकडे आला. तो दोघांच्या मधून निसटला आणि त्याने रिंगकडे उडी घेतली. काय उंच गेला होता तो! मला अजून वाटतं की तो जरा जास्तच उंच गेला होता.

टकल्या बाजूने आला आणि धाकट्याच्या पायांखाली शिरला. मुद्दाम शिरला का? तो म्हणतो, पाय घसरला. त्याच्या जागी मी असतो तर मुद्दाम केलं असतं, त्यामुळे मला विचारण्यात अर्थ नाही. धाकटा हवेतच आडवा झाला. हात टेकवायला मिळाले नाहीत. डोक्याची मागची बाजू लाकडी जमिनीवर आपटली, आणि त्या गर्दीत, त्या आरडाओरड्यात तो आवाज सगळ्यांना ऐकू गेला, कारण नंतर हॉलमध्ये चिटपाखरूसुद्धा बोललं नाही.

मी धावलो. धाकट्याकडे नाही, टकल्याकडे धावलो. हेही सांगितलं पाहिजे. मूठ आवळलेली होती आणि मी त्याला मारूनच टाकणार होतो. तो पळाला नाही. तो तिथेच गुडघे टेकून बसला होता, पट्टी बांधलेला हात धाकट्याच्या डोक्याखाली घालून, आणि त्या कापसाच्या बोळ्यांतून बोबडं ओरडत होता, "हलवू नका. कुणी हलवू नका याला." रेफ्रीने टकल्याचा फाउल दिला होता; सरांनी मला मागून कव घातली.

"त्याला हात लावलास तर आपले शॉट जातील," ते म्हणाले. "दोन शॉट आहेत, रेड्या. अक्कल आहे का?"

धाकट्याच्या कानातून पातळ रक्त येत होतं. डोळे अर्धे उघडे होते. डॉक्टर आला, स्ट्रेचर आलं. रेफ्रीने सांगितलं की जखमी खेळाडू शॉट मारू शकत नसेल तर त्याच्या टीमच्या मैदानावरच्या चौघांपैकी कोण मारणार, हे समोरच्या टीमचा कोच ठरवतो. त्या कोचने विचारसुद्धा केला नाही. सरळ माझ्याकडे बोट केलं. हॉलमध्ये दोन-चार जण हसले. त्यांचं काही चुकलं नव्हतं. सबंध हंगामात माझे अकरा पॉइंट होते.

स्ट्रेचर दाराकडे निघालं. टकल्या एका बाजूने वाकून चालत होता, हात अजून डोक्याखालीच. मॅच संपली नव्हती, त्याचा कोच त्याला हाका मारत होता, तरी तो चालतच राहिला. आई खाली आली होती. तिने स्ट्रेचरची दांडी धरली होती. माझ्यापाशी आल्यावर ती थांबली.

"चल," ती म्हणाली. "गाडी बाहेर उभी आहे."

सर माझा दंड धरून उभे होते. चेंडू रेफ्रीच्या हातात होता. अख्खा हॉल माझ्याकडे बघत होता, रेड्याकडे, आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या हातांत काहीतरी आहे म्हणून बघत होता.

"आई, दोनच शॉट," मी म्हणालो. "आलोच."

तिने माझ्याकडे एकदा नीट बघितलं, पाठ फिरवली आणि स्ट्रेचरमागे गेली.

पहिला शॉट रिंगवर आपटला, बोर्डावर आपटला, परत रिंगवर नाचला आणि आत पडला. दुसरा सरळ गेला, कशाला शिवलासुद्धा नाही. धाकट्यासारखा. उरलेल्या दोन सेकंदांत त्यांनी लांबून चेंडू फेकला, तो भिंतीवर गेला. आम्ही जिंकलो. पोरांनी मला खांद्यावर घेतलं. सरांनी माझ्या दोन्ही गालांना धरून माझं कपाळ त्यांच्या कपाळावर आपटलं. कुणीतरी फोटो काढला. त्या फोटोत माझं तोंड उघडं आहे, मी ओरडतोय, आणि मी खूश आहे. कितीही वेळा बघा, मी खूश आहे. मला खाली उतरवा म्हणून मी सांगायला पाहिजे होतं. मी अर्धा तास वर होतो.

हॉस्पिटलमध्ये मी जर्सीवरच पोचलो. लांबलचक कॉरिडॉर, एका बाजूला प्लास्टिकच्या खुर्च्या. आई शेवटच्या खुर्चीवर बसली होती. शेजारी टकल्या होता, ओठ वांग्याएवढा सुजलेला, तोंडापाशी आईचा रुमाल. मला बघितल्यावर तो उठला, आईला काहीतरी म्हणाला आणि दुसऱ्या दाराने निघून गेला. मी त्याच्या खुर्चीवर बसलो. खुर्ची गरम होती.

"कसा आहे तो?"

"आत आहे."

"आई, आम्ही जिंकलो," मी म्हणालो. 

"दोन शॉट बरेच मोठे होते रे तुझे," आई म्हणाली.

धाकटा जगला. डाव्या कानाने त्याला आता ऐकू येत नाही आणि चालताना तो भिंतीचा आधार शोधतो. चेंडू त्याच्याकडे फेकला तर हात उशिरा वर येतो. पण हे नंतर कळलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तो नीट शुद्धीवर आला तेव्हा आम्हाला फक्त आनंद झाला होता. आई खाटेच्या पायथ्याशी उभी राहून हॉस्पिटलची चादर परत घडी करत होती, कारण त्यांची घडी तिला पटत नव्हती. मी उशाशी बसलो होतो.

"जिंकलो का रे?" त्याने विचारलं. आवाज अगदी बारीक.

"जिंकलो."

"छान." त्याने डोळे मिटले, परत उघडले. "दादा, गाडीत तू सारखं बोलत होतास ना? डोळे मिटू नकोस, डोळे मिटू नकोस, असं? मला आठवतंय. चेहरा नाही दिसला. पण तू माझं डोकं धरलं होतंस."

मी आईकडे बघितलं नाही.

"हो," मी म्हणालो. "मीच."

"वाटलंच मला. मी म्हटलं, दादा आहे, आता काही होत नाही."

चादरीची घडी थांबली.

"आजारी माणसाशी खोटं बोलू नकोस," आई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. मग ती धाकट्याकडे वळली. "तो टकल्या होता. स्वतःच्या तोंडातून रक्त गळत होतं आणि तुझ्याशी बोलत होता, सगळा रस्ता. हा नव्हता. हा तिकडे जिंकत होता."

 मला वाटलं, धाकटा आता शिव्या घालेल. घालायला हव्या होत्या. एक कानाखाली मारली असती तरी मी उपकार मानले असते.

"दादा," तो म्हणाला, "त्याला बोलावशील? मला त्याला भेटायचंय."

मी गेलो. दुपारची वेळ होती. टकल्याचं हॉस्टेल शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं, तीन मजली पिवळी इमारत, जिन्यात सायकली कोंबलेल्या. तिसऱ्या मजल्यावर मी दार वाजवलं. त्याने दार उघडलं. हातात पातळ सूपचा कप आणि नळी होती.

मला बघून तो दोन पावलं मागे गेला. कप खाली पडला. त्याने दोन्ही हात तोंडासमोर धरले, कोपरं जवळ घेऊन, डोळे घट्ट मिटून. मी हात वर केले नव्हते. माझे हात खिशात होते.

"मारायला नाही आलो," मी म्हणालो.

तो हात खाली घेईना.

"धाकटा शुद्धीवर आलाय. त्याने बोलावलंय तुला. तू त्याला जागं ठेवलंस ते त्याला आठवतंय."

त्याने बोटांच्या फटीतून माझ्याकडे बघितलं. मग हळूहळू हात खाली आले. समोरचे दोन दात नव्हते, त्यामुळे बोलताना हवा सुटत होती.

"तू असणार तिथे?"

"नसलो तर येशील?"

"तू खोलीत नसशील तर येतो."

"नसेन," मी म्हणालो.

तो खाटेवर बसला आणि बूट ओढले. एक पाय बुटात घातला आणि थांबला. नाड्या बांधायला खाली वाकावं लागतं. त्याने वर बघितलं, माझ्या हातांकडे बघितलं, आणि मला आधी जिना उतरून रस्त्यावर जाऊन उभं राहायला सांगितलं. मी तीन मजले उतरलो आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिलो.